रोजगार व्हिसाची मुदतवाढ : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील परदेशी कर्मचाऱ्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबांना 'व्हिसा' हा शब्द मुख्यतः अमेरिकेच्या संदर्भात परिचित आहे. मुलगा एच-१बी व्हिसावर गेला, तीन वर्षांनी मुदत वाढली, पासपोर्टवर शिक्का घेण्यासाठी मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत जावे लागले, कंपनीने कर्मचारीकपात केली तेव्हा साठ दिवसांत दुसरी नोकरी शोधावी लागली, या गोष्टी पुणे परिसरातील घराघरांत बोलल्या जातात. याच परिसरात, चाकण किंवा तळेगाव येथील कारखान्यात, परदेशातून येऊन काम करणाऱ्या जर्मन, जपानी अथवा कोरियन अभियंत्यालाही ठरावीक काळाने अशाच मुदतवाढीस सामोरे जावे लागते, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. भारत हा मनुष्यबळ पाठविणारा देश आहे, ही आपली समजूत इतकी दृढ आहे की भारत हा काही प्रमाणात मनुष्यबळ स्वीकारणारा देशही आहे, ही बाब अभ्यासविषय म्हणून पुढे येत नाही.

प्रस्तुत लेखात या औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात रोजगार व्हिसाच्या मुदतवाढीची चौकट स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. येथे मांडावयाचा मुद्दा एकच आहे. रोजगार व्हिसा व्यक्तीच्या पासपोर्टवर उमटत असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो त्या व्यक्तीचा नसतो. विशिष्ट मालक कंपनीशी झालेल्या विशिष्ट कराराचा असतो. पहिल्यांदा व्हिसा मिळतो तेव्हा ही गोष्ट जाणवत नाही. ती जाणवते मुदतवाढीच्या वेळी. कारण त्या वेळी तपासले जाणारे बहुतेक कागद कंपनीच्या ताब्यातील असतात आणि त्यांतील उणिवांचा परिणाम मात्र कर्मचाऱ्याच्या वास्तव्यावर होतो.

औद्योगिक पट्टा व परदेशी तज्ज्ञ

पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिला. या परिसराच्या औद्योगिक जीवनात परकीय तंत्रज्ञान प्रारंभापासून आहे, असे म्हणावे लागते. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. त्या दशकात दापोडी व चिंचवड परिसरात सँडविक, अ‍ॅटलस कॉप्को, एसकेएफ या स्वीडिश कंपन्यांचे कारखाने उभे राहिले; आकुर्डीचा बजाज टेंपो हा उद्योग तर जर्मन सहकार्यातूनच आकारास आला. तथापि, त्या काळातील सहकार्याचे स्वरूप प्रामुख्याने परवान्याचे व तंत्रज्ञानाचे होते. परदेशी तज्ज्ञ येत, यंत्रसामग्री बसवून देत, येथील अभियंत्यांना प्रशिक्षित करीत आणि परत जात. त्यांची संख्या अल्प होती आणि मुक्काम तात्पुरता होता.

उदारीकरणानंतर हे चित्र पालटले. मर्सिडीज-बेंझने १९९४-९५ मध्ये टेल्कोच्या पिंपरी येथील आवारात मोटारींची जुळणी सुरू केली. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना चाकण येथे सुरू झाला. सप्टेंबर २००८ मध्ये जनरल मोटर्सने तळेगाव येथे उत्पादन सुरू केले. २००९ मध्ये मर्सिडीज-बेंझ आपल्या नव्या कारखान्यासह चाकणला आली आणि त्याच वर्षी ३१ मार्च रोजी फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्याचे उद्‌घाटन झाले. मोठ्या कंपनीमागे तिचे सुटे भाग पुरविणाऱ्या कंपन्या आल्या. आता येणारा परदेशी कर्मचारी पाहुणा तज्ज्ञ राहिला नाही. तो उत्पादन विभागाचा प्रमुख, गुणवत्ता व्यवस्थापक, वित्त अधिकारी झाला; दोन-तीन वर्षांसाठी सहकुटुंब राहू लागला. १९९८ मध्ये स्थापन झालेली आणि पुढे महिंद्रा इंटरनॅशनल स्कूल या नावाने ओळखली जाऊ लागलेली हिंजवडीची मर्सिडीज-बेंझ इंटरनॅशनल स्कूल हे या बदलाचे ठळक चिन्ह होय. ज्या ठिकाणी मुलांच्या शाळेची सोय करावी लागते, तेथे व्हिसाच्या मुदतवाढीचा प्रश्नही निर्माण होतो.

कायद्याची पार्श्वभूमी

परदेशी व्यक्तीच्या वास्तव्याचे नियमन करणारे भारतीय कायदे दीर्घकाळ वसाहतकालीन होते. १९२० चा पारपत्र (भारतात प्रवेश) अधिनियम पहिल्या महायुद्धानंतरचा, १९३९ चा परकीय नागरिक नोंदणी अधिनियम दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावरचा, तर १९४६ चा परकीय नागरिक अधिनियम त्या युद्धाच्या समाप्तीनंतरचा. शत्रुराष्ट्राच्या नागरिकावर नजर कशी ठेवावी, या प्रश्नातून जन्मलेले हे कायदे. मोटारीचा नवा नमुना वेळेवर बाजारात आणण्यासाठी आलेल्या अभियंत्यालाही पुढे तेच लागू झाले. एखादी व्यक्ती परकीय आहे की नाही, हे सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवरच टाकणारी १९४६ च्या अधिनियमातील तरतूद या मनोवृत्तीची निदर्शक आहे.

हे तिन्ही कायदे, तसेच २००० चा वाहतूकदारांच्या दायित्वासंबंधीचा कायदा रद्द करून संसदेने २०२५ मध्ये 'इमिग्रेशन आणि परकीय नागरिक अधिनियम' संमत केला. तो १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला. विखुरलेल्या तरतुदी एकत्र आल्या, ही या कायद्याची जमेची बाजू. व्हिसाची मुदत संपल्यानंतर राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. निवासाची सोय पुरविणारे, रुग्णालये आणि शैक्षणिक संस्था यांच्यावर परदेशी व्यक्तीची माहिती नोंदणी अधिकाऱ्यास देण्याचे बंधन आहे. परदेशी विद्यार्थी असलेल्या महाविद्यालयांनी याची स्वतंत्रपणे नोंद घेणे इष्ट ठरेल. मात्र श्रम, वेतन किंवा नोकरीतील संरक्षण हे या कायद्याचे विषय नाहीत. तो गृह मंत्रालयाचा कायदा आहे, आणि रोजगार व्हिसाची मुदतवाढ हीसुद्धा गृह मंत्रालयाच्याच कक्षेतील बाब आहे. श्रम मंत्रालयाचे तेथे विशेष काही चालत नाही.

रोजगार व्हिसा कोणास मिळतो

रोजगार व्हिसा उच्च कौशल्यप्राप्त किंवा व्यावसायिक पात्रता असलेल्या व्यक्तीसाठी आहे. ज्या कामासाठी पात्र भारतीय मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत, त्या कामासाठी तसेच नित्याच्या, सामान्य किंवा कारकुनी स्वरूपाच्या कामासाठी तो दिला जात नाही. 'उच्च कौशल्य' मोजावयाचे कसे, हा प्रश्न शासनाने वेतनाच्या साहाय्याने सोडविला. प्रारंभी वार्षिक २५,००० अमेरिकी डॉलर ही किमान वेतनमर्यादा होती. २०१७ पासून ती १६.२५ लाख रुपये अशी रुपयांत निश्चित करण्यात आली. हा आकडा विचित्र वाटतो. परंतु २५,००० ला ६५ ने गुणले असता तोच येतो. त्या सुमारास डॉलरचा दर ६५ रुपयांच्या आसपास होता. मर्यादा रुपयांत गोठविली गेल्याने एक अनपेक्षित परिणाम झाला. डॉलर ८५ रुपयांवर गेला तेव्हा १६.२५ लाख रुपयांचे मूल्य सुमारे १९,१०० डॉलर एवढेच उरले. म्हणजे नियमात एका अक्षराचाही बदल न होता परदेशी कर्मचाऱ्याच्या दृष्टीने अट शिथिल होत गेली.

या मर्यादेला काही अपवाद आहेत. विशिष्ट देशांचे खाद्यपदार्थ बनविणारे स्वयंपाकी, इंग्रजी वगळता अन्य भाषांचे शिक्षक व दुभाषे यांना ती लागू होत नाही. पुणे परिसरात जर्मन व जपानी भाषेच्या अध्यापनाची दीर्घ परंपरा असल्याने दुसरा अपवाद येथे अर्थपूर्ण ठरतो. केंद्रीय उच्च शिक्षण संस्थांमधील सहायक प्राध्यापक व त्यावरील पदांसाठी ९.१० लाख रुपयांची कमी मर्यादा ठेवण्यात आली. हा आकडाही १४,००० डॉलरचा ६५ च्या दराने केलेला गुणाकारच होय. राज्य विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांचा या सवलतीत समावेश नाही. ज्यांचा वेतनस्तर अशा सवलतीची सर्वाधिक अपेक्षा करतो, त्याच संस्था तिच्याबाहेर राहिल्या आहेत, एवढे जाता जाता नमूद करणे पुरेसे आहे.

व्यवसाय व्हिसा आणि रोजगार व्हिसा यांतील सीमारेषाही लक्षात घ्यावयास हवी. करार करणे, बैठका घेणे, माल पाहणे यासाठी व्यवसाय व्हिसा. प्रत्यक्ष काम करण्यासाठी रोजगार व्हिसा, हे तत्त्व सोपे आहे. परंतु यंत्र बसवून ते चालू करून देणारा पुरवठादाराचा तंत्रज्ञ यांपैकी कोणत्या बाजूला येतो? २००९ मध्ये केंद्र शासनाने व्यवसाय व्हिसावर प्रकल्पांत काम करणाऱ्या परदेशी नागरिकांनी मायदेशी परतून योग्य व्हिसा घेऊनच यावे, असा निर्णय घेतला; त्याचा मोठा फटका चिनी तंत्रज्ञांना बसला. पुढे २०१० मध्ये वीज व पोलाद क्षेत्रासाठी 'प्रकल्प व्हिसा' हा वेगळा प्रकार आणण्यात आला. २०२० नंतर चिनी नागरिकांच्या व्हिसावर अधिक कडक नियंत्रण आले आणि आयात केलेली यंत्रे तंत्रज्ञाअभावी खोळंबल्याच्या तक्रारी उद्योगक्षेत्रातून येऊ लागल्या. यंत्रउभारणीच्या कामासाठी येणाऱ्यांची सोय व्यवसाय व्हिसाच्या एका नव्या उपप्रकाराद्वारे करण्यास २०२५ मध्ये सुरुवात झाली. सोळा वर्षांत ही सीमारेषा एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकली, असे यावरून दिसते.

मुदतवाढीची प्रक्रिया

१८० दिवसांहून अधिक मुदतीच्या रोजगार व्हिसावर आलेल्या व्यक्तीस आगमनापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते, अशी दीर्घकाळ प्रचलित व्यवस्था आहे. मुंबईसारख्या महानगरात इमिग्रेशन ब्युरोचे प्रादेशिक नोंदणी कार्यालय, म्हणजे 'एफआरआरओ', हे काम पाहते. पुण्यात ते परंपरेने पोलीस आयुक्तालयातील परकीय नागरिक नोंदणी विभागाकडे राहिले. नोंदणी निवासाच्या पत्त्यावरून होते, कारखान्याच्या नव्हे. औंधमध्ये राहणारा आणि चाकणला काम करणारा अभियंता २०१८ पूर्वी निवासापुरता पुणे शहर पोलिसांच्या आणि कामाच्या वेळेत पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत असे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय कार्यान्वित झाले आणि चाकण, आळंदी, तळेगाव हा भाग त्यात समाविष्ट झाला. घर बदलणे ही आपल्याकडे घरमालक व भाडेकरू यांच्यातील खासगी बाब मानली जाते. परदेशी कर्मचाऱ्याच्या बाबतीत ती शासनास कळविण्याची बाब ठरते.

२०१८ हेच वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी 'ई-एफआरआरओ' ही संगणकीय प्रणाली सुरू झाली. तोपर्यंत अर्जदाराला मूळ कागदपत्रे व छायाप्रतींच्या गठ्ठ्यांसह स्वतः कार्यालयात जावे लागे. नव्या प्रणालीत अर्ज, शुल्क व निर्णय हे सर्व ऑनलाइन होते आणि बोलावणे आल्यासच प्रत्यक्ष हजर राहावे लागते. रांग संपली. कागद मात्र संपले नाहीत.

मुदतवाढीच्या अर्जासोबत सामान्यतः जोडावयाचे कागद पाहिले तर प्रारंभी मांडलेला मुद्दा स्पष्ट होतो. पासपोर्ट, व्हिसा व छायाचित्र एवढेच कर्मचाऱ्याचे स्वतःचे. नोकरीचा करार व त्याचे नूतनीकरण कंपनीचे. कर्मचाऱ्याच्या वर्तनाची व वास्तव्याची जबाबदारी घेणारे हमीपत्र कंपनीचे. कंपनीचे नोंदणी प्रमाणपत्र अर्थातच कंपनीचे. प्राप्तिकर कपातीचा 'फॉर्म १६' कंपनीने द्यावयाचा. त्यावरून भरलेले आयकर विवरणपत्र कर्मचाऱ्याचे असले तरी त्याचा पाया कंपनीच्या नोंदी. निवासाचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार लागतो आणि अनेकदा तो करारही कंपनीच्याच नावे असतो. त्याखेरीज घरमालकाने परदेशी व्यक्ती राहावयास आल्यापासून २४ तासांत द्यावयाची माहिती, जी व्यवहारात 'सी फॉर्म' म्हणून ओळखली जाते, ती दिलेली नसेल तर अडथळा येतो. वाकड किंवा पिंपळे सौदागर येथील एखाद्या सदनिकेच्या निवृत्त मालकाला आपण असे काही कायदेशीर दायित्व पत्करले आहे, याची कल्पनाही नसते. भाडे वेळेवर मिळते, माणूस सभ्य आहे, एवढे त्याला पुरेसे वाटते.

मुदतवाढ सामान्यतः एका वेळी एक वर्षाची आणि पहिला व्हिसा दिल्याच्या तारखेपासून एकूण पाच वर्षांच्या मर्यादेत देण्याची पद्धत राहिली आहे. चांगली वर्तणूक, नोकरी चालू असल्याचा पुरावा, आयकर विवरणपत्र आणि सुरक्षाविषयक प्रतिकूल अहवाल नसणे, या तिच्या अटी. त्यांतील शेवटची अट अर्जदाराच्या दृष्टीने अपारदर्शक आहे. अहवाल काय आला, हे त्याला कळत नाही. व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी अर्ज केला असेल, परंतु निर्णय प्रलंबित असेल, तर कर्मचारी एका मधल्या अवस्थेत राहतो. समजा, याच काळात श्टुटगार्ट येथील त्याच्या वडिलांचे निधन झाले. मुदत उलटलेल्या व्हिसावर देशाबाहेर जाण्यासाठी त्याला 'एक्झिट परमिट' लागेल. परत येण्यासाठी 'रिटर्न व्हिसा' किंवा नव्याने व्हिसा लागेल. अर्ज आठ दिवस आधी केला की नंतर, हा मनुष्यबळ विभागाच्या दृष्टीने किरकोळ प्रश्न आहे. त्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीने तो अंत्यसंस्काराला पोहोचण्याचा प्रश्न होतो.

मालक कोण, हा प्रश्न

रोजगार व्हिसावर असलेल्या व्यक्तीस भारतात राहून मालक बदलता येत नाही. दुसऱ्या कंपनीत जावयाचे तर देश सोडून नवा व्हिसा घ्यावा लागतो. यास एकच महत्त्वाचा अपवाद आहे. मूळ कंपनी व तिची उपकंपनी, किंवा एकाच मूळ कंपनीच्या दोन उपकंपन्या, यांच्यात वरिष्ठ पदावरील वा तांत्रिक तज्ज्ञ असलेल्या कर्मचाऱ्याची बदली पूर्वपरवानगीने होऊ शकते. चाकणसारख्या ठिकाणी या अपवादाचे महत्त्व मोठे आहे, कारण येथील परदेशी कर्मचारी बहुतांशी मूळ कंपनीकडून ठरावीक काळासाठी पाठविलेला असतो आणि मोटार उद्योगातील कंपन्यांची रचना सतत बदलते. २०१९ मध्ये फोक्सवॅगन समूहाच्या भारतातील कंपन्यांचे विलीनीकरण होऊन 'स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडिया' ही एकच कंपनी झाली. अशा विलीनीकरणानंतर कारखाना तोच, काम तेच, टेबलही तेच राहते. व्हिसावर नमूद असलेल्या मालकाचे नाव मात्र जुने पडते. तळेगावच्या जनरल मोटर्सचा इतिहास याहून वेगळा आहे. तेथील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी झालेला विक्रीचा करार आवश्यक परवानग्यांअभावी २०२२ मध्ये संपुष्टात आला आणि २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला. येथे मालक समूहच बदलल्याने उपरोक्त अपवादाचा आधार राहत नाही. कारखाना विकला जातो तेव्हा त्यातील यंत्रे नव्या मालकाकडे जाऊ शकतात, परदेशी कर्मचाऱ्याचा व्हिसा जाऊ शकत नाही.

मूळ कंपनीकडून पाठविलेल्या कर्मचाऱ्याचा खरा मालक कोण, या प्रश्नाचे उत्तर वेगवेगळ्या कार्यालयांत वेगवेगळे असू शकते, हे १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नॉर्दर्न ऑपरेटिंग सिस्टिम्स या बंगळुरूच्या कंपनीच्या प्रकरणात दिलेल्या निर्णयाने समोर आले. परदेशी समूहकंपनीने भारतीय कंपनीकडे पाठविलेले कर्मचारी वस्तुतः परदेशी कंपनीचेच राहतात. ठरावीक काळानंतर ते तिच्याकडेच परत जाणार असतात. म्हणून हा मनुष्यबळ पुरवठ्याचा व्यवहार असून त्यावर सेवाकर देय आहे, असे न्यायालयाने ठरविले. या निर्णयानंतर वस्तू व सेवा कर विभागाने अनेक कंपन्यांना नोटिसा दिल्या. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाला आपल्या अधिकाऱ्यांना, हा निर्णय यांत्रिकपणे लागू न करता प्रत्येक करारातील वस्तुस्थिती पाहावी, अशी सूचना द्यावी लागली.

आता मुदतवाढीच्या अर्जाकडे पाहावे. त्यात भारतीय कंपनी लेखी सांगते की, हा आमचा कर्मचारी आहे, त्याची जबाबदारी आमची आहे आणि त्याचे वेतन इतके आहे. करविभागापुढे हाच कागद कंपनीच्या बाजूचा पुरावा ठरतो. उलट, मूळ कंपनीशी झालेल्या करारात कर्मचाऱ्याचे मूळ पद राखून ठेवलेले असते, वेतनाचा काही भाग जर्मनीत किंवा जपानमध्ये जमा होत असतो, आणि तो कागद विरुद्ध बाजूचा पुरावा ठरतो. परिणामी करार लिहिताना सल्लागारांचे लक्ष कराकडे असते. व्हिसासाठी आवश्यक असलेला वेतनाचा तपशील, पदाचे वर्णन, मुदत या बाबी त्या ओघात संदिग्ध राहिल्या तर शंका निर्माण होते ती मुदतवाढीच्या टेबलावर, आणि तेथे अर्जदार म्हणून नाव असते कर्मचाऱ्याचे. त्या कराराचा मसुदा त्याने लिहिलेला नसतो. पुष्कळदा त्याने तो बारकाईने वाचलेलाही नसतो.

सामाजिक सुरक्षा

भविष्यनिर्वाह निधीच्या बाबतीतही कर्मचाऱ्याची स्थिती त्याच्या राष्ट्रीयत्वावर व दोन शासनांमधील करारांवर अवलंबून आहे. १ ऑक्टोबर २००८ पासून 'आंतरराष्ट्रीय कामगार' हा वर्ग निर्माण करून परदेशी कर्मचाऱ्यांना ही योजना सक्तीची करण्यात आली. भारतीय कर्मचाऱ्यासाठी २०१४ पासून १५,००० रुपयांची वेतनमर्यादा आहे. परदेशी कर्मचाऱ्याचे अंशदान मात्र पूर्ण वेतनावर आकारले जाते. ज्या देशाशी सामाजिक सुरक्षा करार आहे, तेथील पाठविलेला कर्मचारी मायदेशातील योजनेचे प्रमाणपत्र दाखवून यातून सूट मिळवू शकतो. दक्षिण कोरियाशी असा करार २०११ मध्ये, जपानशी २०१६ मध्ये अमलात आला. जर्मनीशी असलेल्या पूर्वीच्या कराराची जागा २०१७ मध्ये अधिक व्यापक कराराने घेतली. या पट्ट्यातील प्रमुख गुंतवणूकदार देश त्यात आले, हे लक्षणीय आहे. अमेरिकेशी असा करार नाही. त्यामुळे तेथून आलेल्या कर्मचाऱ्याची दोन-तीन वर्षांची रक्कम सर्वसाधारणपणे वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत अडकून पडते. ही तरतूद समानतेच्या तत्त्वाविरुद्ध असल्याचे कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ठरविले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती वैध मानली. अमेरिकेत सामाजिक सुरक्षेपोटी कापून घेतलेल्या रकमेवर पाणी सोडून परतलेल्या मराठी अभियंत्यांना या तक्रारीचे स्वरूप वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

कुटुंब, मूळ आणि पासपोर्ट

कर्मचाऱ्याची पत्नी किंवा पती व मुले यांना वेगळ्या प्रकारचा प्रवेश व्हिसा मिळतो. त्याची मुदत मुख्य व्हिसाबरोबरच चालते आणि त्यावर नोकरी करता येत नाही. मुख्य व्हिसाची मुदत मार्चमध्ये संपत असेल तर मुलाचे शालेय वर्ष पूर्ण होईल की नाही, हे वडिलांच्या करारावर ठरते. याउलट हिंजवडीतील एखाद्या माहिती-तंत्रज्ञान कंपनीत अमेरिकन पासपोर्टवर काम करणारा चिंचवडचाच मूळ रहिवासी असतो. त्याच्याकडे २००५ पासून अस्तित्वात आलेले 'ओसीआय' कार्ड असल्यास त्याला रोजगार व्हिसा लागत नाही आणि मुदतवाढही लागत नाही; तो नोकरी बदलू शकतो. दोघेही कायद्याच्या दृष्टीने परकीय नागरिकच. एकाचे वास्तव्य जन्माच्या नात्यावर आधारलेले, दुसऱ्याचे करारावर.

२०२०-२१ च्या महासाथीत करारावर आधारलेल्या वास्तव्याची नाजूकता सर्वांना दिसली. मार्च २०२० मध्ये व्हिसा स्थगित झाले. येथे अडकलेल्यांच्या व्हिसाची मुदत शासनाने वेळोवेळी वाढविली. परंतु सुट्टीसाठी मायदेशी गेलेले तिकडेच राहिले. अभियंते, व्यवस्थापक व अन्य तज्ज्ञांना परतण्याची मुभा जून २०२० पासून मिळू लागली, तीही नवा किंवा पुन्हा वैध करून घेतलेला व्हिसा असल्यासच.

एच-१बीशी तुलना

या ठिकाणी आपल्याला परिचित असलेल्या एच-१बी व्हिसाशी तुलना उद्‌बोधक ठरते. १९९० च्या कायद्याने निर्माण झालेला हा व्हिसाही मालकाशी बांधलेला आहे आणि त्याचीही कमाल मुदत सर्वसाधारणपणे सहा वर्षे आहे. परंतु २००० मधील सुधारणेने या व्हिसावरील कर्मचाऱ्याला अमेरिकेतच राहून मालक बदलण्याची सोय दिली. नोकरी गेल्यास साठ दिवसांपर्यंत थांबता येईल, अशी तरतूद २०१७ मध्ये लागू झाली. सहा वर्षांच्या आत कायम वास्तव्याची प्रक्रिया विशिष्ट टप्प्यावर पोहोचली असेल तर पुढेही मुदतवाढ मिळते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले गेले तेव्हा महाराष्ट्रात स्वाभाविकपणे संताप व्यक्त झाला. मात्र भारताच्या रोजगार व्हिसात देश न सोडता दुसऱ्या समूहाच्या कंपनीत जाण्याची सोय नाही, आणि त्या व्हिसावरून कायम वास्तव्याकडे जाणारा सर्वसाधारण मार्गही नाही, याची चर्चा कोणी केली नाही. अर्थात दोन्ही देशांतील संख्येचे प्रमाण अत्यंत विषम आहे आणि चाकणच्या जर्मन व्यवस्थापकाला परतण्यासाठी मायदेशी नोकरी राखून ठेवलेली असते, हेही मान्य केले पाहिजे. तरीही थेट भारतीय कंपनीने नेमलेल्या व्यक्तीच्या, उदाहरणार्थ कोरियन उपाहारगृहातील स्वयंपाक्याच्या किंवा जपानी भाषेच्या शिक्षिकेच्या, पाठीशी अशी कोणतीही मूळ कंपनी नसते. तिच्या मालकाने विवरणपत्रे भरली नाहीत किंवा करार नूतनीकरणास विलंब केला, तर तिच्यापुढे येथे दुसरा मालक शोधण्याचा पर्याय नसतो. मालकाला हे ठाऊक असते, आणि वेतनाविषयी बोलणे निघते तेव्हा दोघांनाही ते ठाऊक असते.

पाच वर्षांची मर्यादा पूर्ण झाल्यानंतरही कंपनीला त्या कर्मचाऱ्याची आवश्यकता असेल, तर त्याने मायदेशी जाऊन भारतीय दूतावासात नवा अर्ज करावयाचा असतो. तेथे पाच वर्षांच्या नोंदी, भरलेला कर, वेळेवर दिलेले पत्ते यांचा उपयोग केवळ प्रतिकूल काही नसल्याचे दाखविण्यापुरता होतो. करार नवा, हमीपत्र नवे, पदाचे वर्णन नवे. भारतात परतल्यावर चौदा दिवसांत पुन्हा नोंदणी, आणि घरमालकाने पुन्हा चोवीस तासांत भरावयाची माहिती.